चोर सोडून संन्याशाला फाशी

संगणक मध्येच गोठतो. पुन्हा सुरू केला की तासभर नीट चालतो. असा लहरी बिघाड शोधायचा कसा?

आधी कारण पाहू. डिस्क, ध्वनी, नेटवर्क अशा प्रत्येक भागाशी संवाद साधायला एक छोटा प्रोग्रॅम लागतो. त्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. १९९३ साली आलेल्या विंडोज एनटीमध्ये साधे प्रोग्रॅम आपापल्या कुंपणात राहत. एक कोसळला तरी बाकीचे चालू. बहुतेक ड्रायव्हर मात्र थेट गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये होते. तिथे कुंपणच नाही. ड्रायव्हरने चुकून परक्या स्मृतीत काही लिहिले, तर लगेच काहीच घडत नाही. पुढे जो ती स्मृती वाचेल, तो कोसळतो. चोर सोडून संन्याशाला फाशी! म्हणून बिघाड लहरी वाटतो.

विंडोज २००० मध्ये ‘ड्रायव्हर व्हेरिफायर’ हे साधन आले. संशयित ड्रायव्हरच्या स्मृतीला लागूनच निषिद्ध जागा ठेवायची. त्याने रेषा ओलांडली, की संगणक तत्क्षणी थांबतो आणि खरा चोर सापडतो. बिघाड टाळायचा नाही, तर त्याला मूळ जागीच घडायला भाग पाडायचे.

तरी धोका संपला नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीचा ड्रायव्हर २० नोंदींच्या यादीत २१ वी नोंद वाचायला गेला. सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. विमाने, रुग्णालये खोळंबली.

आम्हाला यातली पद्धत मोलाची वाटते. लहरी घटना हवी तेव्हा घडवता आली, की ती प्रयोगाचा विषय होते.