गृहसंगणकाचे कूटलेखन

घरगुती संगणकाच्या हार्ड डिस्कवरील माहिती योग्य किल्लीवाचून वाचता येऊ नये, अशा रूपात साठविण्याची ही पद्धती होय. कूटलेखन दीर्घकाळ मुख्यतः लष्कर व परराष्ट्र खाती यांच्यापुरते मर्यादित होते. अमेरिकेने १९७७ मध्ये प्रमाण मानलेल्या डीईएस पद्धतीमुळे ते बँकव्यवहारात रूढ झाले. परंतु तिची ५६ बिटांची किल्ली १९९८ मध्ये खास बनविलेल्या यंत्राने तीन दिवसांच्या आत शोधून काढली. २००१ मध्ये दोन बेल्जियन तज्ञांनी रचलेली एईएस पद्धती प्रमाण ठरली. फाइलव्हॉल्ट (२००३), ट्रूक्रिप्ट (२००४) व बिटलॉकर (२००७) यांच्याद्वारे हे तंत्र सामान्य घरांपर्यंत पोहोचले.

बंद संगणक चोरीस गेला, तरी त्यातील पत्रे व हिशेब चोराला वाचता येत नाहीत, हा याचा निर्विवाद लाभ होय. संगणक चालू असताना मात्र हे संरक्षण बव्हंशी निष्प्रभ असते. २००८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी तर वीज तोडल्यानंतरही संगणकाच्या स्मृतीत काही काळ टिकून राहणारी किल्ली हस्तगत करून दाखविली.

जुन्या गुप्तलेखनात शत्रू संदेश उकलील, हे भय असे. घरात बहुधा उलटे घडते : मालकच परवलीचा शब्द विसरतो, किंवा तो कोणालाही न सांगता मरण पावतो आणि कुटुंबाची छायाचित्रे व दस्तऐवज कायमचे अप्राप्य होतात. एईएस मोडण्याचा व्यवहार्य मार्ग ज्ञात नसल्याने ही हानी भरून येत नाही. म्हणून माहितीची स्वतंत्र प्रत अन्यत्र ठेवल्यावाचून कूटलेखन करणे इष्ट नव्हे. बिटलॉकरची ४८ अंकी पर्यायी किल्ली अशाच प्रसंगासाठी असते. ती कागदावर लिहून संगणकाच्याच पिशवीत ठेवणारेही आढळतात.