दुखणारा पाय, न दुखणारा पाय

आजचा भाग पायांवर आहे. हो, पायांवरच. इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये पाय कुठून आले, असं वाटेल. पण अमरावती जिल्ह्याचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा एक मोठा इतिहास या पायांत दडलेला आहे. मला तो सापडला माझ्या आजीच्या घोट्यापाशी.

आमचं घर दर्यापूरचं. काळी माती, कापूस, चंद्रभागा नदी आणि बनोशाच्या स्टेशनातून कधीकाळी धावणारी शकुंतला, हे सगळं लहानपणी पाहिलेलं, नाहीतर ऐकलेलं. आजीने आयुष्यभर शेतात निंदण-वेचण केलं. उभ्याने, वाकून, दिवस दिवस. तिच्या डाव्या पायाच्या पोटरीवर निळ्या शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट पडलेली, आणि तिथे एक जखम. भरायची, पुन्हा उघडायची. अशी कितीतरी वर्षं.

त्या जखमेपेक्षा मोठी गोष्ट मला उशिरा कळली. आजीने लग्नांना जाणं सोडलं होतं. हळदीकुंकवाला कोणी बोलावलं तर म्हणायची, "माह्या पायात त्राण नाही, तुम्ही जा." खरं कारण वेगळं होतं. गल्लीत कुजबुज होती की बाईला महारोग झाला. पंगतीत तिच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली, तेव्हा ती स्वतःच बाजूला झाली.

आजीला महारोग नव्हता, कुष्ठरोग नव्हता. पण समजा असता, तरी तिने असं बाजूला का व्हावं? या प्रश्नाचा माग काढत आज आपण थोडं मागे जाऊया.

सुरुवात १८९८ पासून करू. त्या वर्षी इंग्रज सरकारने 'लेपर्स अ‍ॅक्ट' नावाचा कायदा केला. कुष्ठरोग झालेल्या गरीब, निराधार माणसाला पकडून आश्रमात ठेवायचा अधिकार या कायद्याने सरकारला दिला. आणि जिथे सरकार तसा हुकूम काढेल तिथे या माणसाने काय काय करायचं नाही, त्याची यादीच होती. खाण्यापिण्याच्या वस्तू विकायच्या नाहीत. सार्वजनिक विहिरीवर किंवा तळ्यावर पाणी भरायचं नाही. आणि रेल्वेचा डबा सोडून भाड्याच्या कुठल्याही सार्वजनिक गाडीत बसायचं नाही.

हे शेवटचं कलम नीट ऐका. टांगा नाही, दमणी नाही. मग माणूस जाणार कसा? पायी. आणि ज्या आजारात पायाची संवेदना जाते, त्या आजाराच्या माणसाला मैलोन्‌मैल पायी चालायला लावणं म्हणजे काय, हे तेव्हा कोणाला नीट कळलेलं नव्हतं. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ मध्येच शोधला होता. पण जंतू सापडला म्हणून पाय का झिजतात ते कळलं, असं झालं नाही. सगळ्यांची समजूत एकच, की हा रोग मांस खातो. बोटं 'गळून पडतात'.

आता आपल्याच परिसरातला एक माणूस आठवा. डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, गाव शेंडगाव, आपल्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं. १९०५ मध्ये घर सोडून हा माणूस बाहेर पडला, आणि पुढे सगळा महाराष्ट्र त्याला गाडगेबाबा म्हणायला लागला. बाबांच्या कामात झाडू सगळ्यांना आठवतो. पण त्यांच्या उपदेशात भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी यांच्या बरोबरीने आंधळ्या-पांगळ्या, रोगी माणसाला औषधपाणी हेही होतं. पूर्णेकाठच्या ऋणमोचनच्या यात्रेत नदीवर येणाऱ्या अशा माणसांना ते पंगतीत बसवायचे. आजीच्या शेजारची रिकामी जागा आठवते ना? बाबांनी त्या रिकाम्या जागेशीच भांडण मांडलं होतं.

पण पंगतीत बसवल्याने माणसाचा मान परत येतो, पायाची जखम भरत नाही. त्यासाठी दुसरं काहीतरी लागणार होतं.

१९४६ साल. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन नावाचे होमिओपॅथीचे डॉक्टर होते. लोक त्यांना दाजीसाहेब म्हणत. स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. त्यांनी शहराबाहेर कुष्ठरोग्यांसाठी वसाहत सुरू केली, तिचं नाव तपोवन. विदर्भात हे पहिलंच काम नव्हतं. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ पासून असं काम चालवलं होतं, आणि पुढे वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन उभं राहिलं. आपल्याकडे परतवाड्याजवळ कोठारा इथे मिशनचं कुष्ठरोग रुग्णालयही होतं. तपोवनात दाजीसाहेबांचा भर कामावर होता. शेती, सुतारकाम, विणकाम. भीक मागायला बसलेला माणूस उठून कामाला लागला की त्याची मान आपोआप वर होते, हा त्यामागचा विचार.

योगायोग बघा. त्याच १९४६ मध्ये पॉल ब्रँड नावाचा एक तरुण सर्जन तामिळनाडूत वेल्लोरला आला. जन्म भारतातलाच, शिक्षण इंग्लंडमधलं. कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या हातापायांकडे बघून त्याला प्रश्न पडला, की हाडांचा डॉक्टर यांच्यासाठी काहीच का करत नाही? तो आणि त्याचे सहकारी तपासत बसले, आणि जे सापडलं त्याने जुनी समजूतच उलटी झाली.

रोग मांस खात नव्हता. रोग मारत होता नसा, म्हणजे संवेदना वाहून नेणारे मज्जातंतू. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीराचे थंड भाग मानवतात, म्हणून कातडीच्या जवळून जाणाऱ्या नसा तो आधी पकडतो. पायात अशा दोन जागा महत्त्वाच्या. एक गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला. ती नस गेली की पाऊल वर उचलता येत नाही, लोंबकळतं, चालताना चवडा जमिनीला घासतो. दुसरी घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागे. ती गेली की तळपाय बधिर होतो आणि बोटं नखासारखी आत वळतात. तळव्याला घाम येणं थांबतं, कातडी कोरडी होऊन भेगा पडतात. आपल्या उन्हाळ्यातल्या काळ्या जमिनीसारख्या.

मग जखम कशी होते? तुम्ही-आम्ही नवी चप्पल घालून दोन किलोमीटर चाललो आणि पाय चावायला लागला, की नकळत लंगडतो. वजन दुसऱ्या बाजूला टाकतो, थांबतो, चप्पल काढतो. बधिर पायाचा माणूस लंगडत नाही. खिळा रुतला तरी तो सरळ, त्याच जागेवर दाब देत चालत राहतो. रोज, तिथेच. आतलं मांस चेचलं जातं, जखम होते, जंतू शिरतात, हाड सडतं. बोटं रोगाने गळत नव्हती, रोजच्या न कळलेल्या इजांनी झिजत होती. काही रुग्णांची बोटं रात्रीत नाहीशी कशी होतात, यावर वेल्लोरला पाळत ठेवली, तेव्हा कळलं की झोपेत उंदीर कुरतडतात आणि माणसाला जागच येत नाही. त्यानंतर घरी जाणाऱ्या रुग्णासोबत मांजर द्यायला सुरुवात झाली. ऐकायला गंमत वाटते. पण विचार केला तर अंगावर काटा येतो.

एकदा कारण कळलं की उपाय साधे निघाले. जखमी पायाला प्लास्टर घालून त्यावरचा दाब काढला की वर्षांची जखम काही आठवड्यांत भरायला लागायची. लोंबकळणाऱ्या पावलासाठी एका स्नायूची दोरी, म्हणजे टेंडन, दुसरीकडे जोडायची शस्त्रक्रिया आली. आणि चप्पल! आतून मऊ, बाहेरून टणक, म्हणजे दाब सगळ्या तळव्यावर पसरेल आणि काटा आत येणार नाही. मायक्रोसेल्युलर रबराची ती चप्पल, एमसीआर, आजही सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमातून मिळते. चपलेचा एक जोड एक पाय वाचवतो.

औषधाची गोष्टही आपल्या विदर्भातूनच जाते. वर्ध्याला १९५१ मध्ये गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन सुरू झालं. घरोघर जाऊन रुग्ण शोधायचा, लोकांना समजवायचं, घरीच औषध द्यायचं, ही पद्धत तिथे घडली. पुढे १९८० च्या दशकात तीन औषधांचा एकत्र डोस, एमडीटी, आला आणि तो आधी सुरू झालेल्या जिल्ह्यांत वर्धा होता. आज कुष्ठरोग सहा ते बारा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट.

मग प्रश्न सुटला? कागदावर २००५ च्या डिसेंबरात भारताने जाहीर केलं की दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण उरले. पण जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त अजूनही भारतातच सापडतात. १८९८ चा तो कायदा पुस्तकातून पूर्ण निघायला २०१६ उजाडलं. आणि नवरा-बायकोपैकी एकाला कुष्ठरोग आहे, हे घटस्फोटाचं कारण कायद्यातून हटलं ते २०१९ मध्ये! म्हणजे तुमच्यापैकी बहुतेकांच्या हातात तेव्हा फोन आलेला होता.

आता परत आजीकडे.

एका दिवाळीत आम्ही तिला अमरावतीला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी जखम पाहिली, तळपायाला कापसाच्या बोळ्याने स्पर्श केला, टाचणीचं टोक हलकेच टेकवलं. आजी ओरडली, "काहून टोचता बाप्पा!" डॉक्टर हसले. म्हणाले, "आजी, दुखतं ना? छान."

आजीची जखम शिरांची होती. पायाकडून हृदयाकडे रक्त वर चढवावं लागतं. ते काम पोटरीचे स्नायू करतात, चालताना दाबून दाबून. रक्त परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये छोटी दारं असतात, एका बाजूनेच उघडणारी. इटलीच्या फॅब्रिसियसने १६०३ मध्ये ही दारं दाखवली. त्याचा विद्यार्थी हार्वे याने १६२८ मध्ये सांगितलं की रक्त शरीरात गोल फिरतं, तेव्हा त्या दारांचा खरा अर्थ लागला. वर्षानुवर्षं उभं राहून, बाळंतपणांनी, किंवा घराण्यातूनच ही दारं ढिली होतात. रक्त खाली साचतं, शिरा फुगतात, घोट्याजवळची कातडी आधी काळी पडते, मग फुटते. उपाय: पाय उंच ठेवणं, पट्टा बांधणं (तोही पायाची नाडी तपासल्यावर, डॉक्टरांच्या हातून), आणि शिरांवर उपचार.

आता जागा बघा. शिरांची जखम बहुतेकदा घोट्याच्या आतल्या बाजूला, जरा वर. कुष्ठरोगात मरणारी नस त्याच घोट्याच्या मागून जाते, पण तिची जखम उमटते तळव्यावर. मधुमेहातही नसा बधिर होतात आणि जखम तळव्यावरच होते, म्हणून तुमच्या घरी शुगर असलेल्या बाबांचा तळपाय आज रात्री बघाच. चार बोटांच्या अंतरावरचे दोन वेगळे आजार, आणि गल्लीने दोन्हींना एकच नाव दिलं होतं.

आजीची जखम पाचेक महिन्यांत भरली. पुढच्या लग्नसराईत मी तिला म्हटलं, "आता चल, सगळ्यांना सांगू की तुला तसलं काही नव्हतं." ती लगेच बोलली नाही. पायाचा पट्टा गुंडाळत बसली. मग म्हणाली, "आन् असतं तं? मंग नोको होतं का मले जेवाले बसवाले?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाडगेबाबांकडे होतं, दाजीसाहेबांकडे होतं. आपल्या पंगतीत अजून यायचं आहे.

अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला, तळव्याला मुंग्या येत असतील, चप्पल पायातून निसटलेली कळत नसेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. लाजायचं काही नाही. आणि कोणाच्या पायाची जखम दिसली, तर नाव ठेवायच्या आधी एकच प्रश्न विचारा: दुखतं का?

भेटू पुढच्या भागात. चालत राहा, पाय सांभाळा.