एका आडव्या रेघेचा इतिहास

दिवाळीच्या अंकात राजेरजवाड्यांचा इतिहास पुष्कळ येतो. आज एका एवढ्याशा आडव्या रेघेचा इतिहास सांगावयाचा आहे. ‘आई-वडील’ या दोन शब्दांच्या मध्ये बसते, तीच ही रेघ. व्याकरणात आपण तिला संयोगचिन्ह म्हणतो. इंग्रजीत तिचे नाव हायफन.

हे नाव मूळचे ग्रीक. त्याचा अर्थ ‘एकाखाली’, म्हणजेच एकत्र. प्राचीन ग्रीक लोक शब्दाशब्दांत जागा न सोडता सलग लिहीत. मोठ्याने वाचणाऱ्याला कुठे तोडावे नि कुठे जोडावे, असा घोटाळा पडे. म्हणून दोन पदे एका दमात म्हणावयाची असली, की अक्षरांखाली एक बारीक कमान काढीत. म्हणजे हे चिन्ह जन्मले ते कानासाठी!

पुढे छापखाना आला. गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास माइन्झ येथे बेचाळीस ओळींचे बायबल छापले. ओळींच्या कडा सरळ राखावयाच्या, तर काही शब्द ओळीच्या शेवटी तोडणे भाग होते. तेथे त्याने दोन तिरप्या रेघा घातल्या. जोडणारी खूण अशी तुटल्याची खूण झाली. कानाची चाकरी सोडून ती डोळ्याच्या घरी राबू लागली.

मग टंकलेखन यंत्र आले. १८७४ साली अमेरिकेत विक्रीस निघालेल्या यंत्रावर कळा मोजक्याच. त्यांत आडवी रेघ एकच. तीच संयोगचिन्ह, तीच वजाबाकी, आणि दोनदा ठोकली की अपसारणचिन्ह! १९६३ साली ॲस्की या पद्धतीने संगणकासाठी अक्षरांना क्रमांक दिले, तेव्हाही ४५ हा क्रमांक या एकाच रेघेला मिळाला. १९९१ साली युनिकोडने संयोगचिन्ह आणि वजाबाकी यांना निरनिराळे क्रमांक दिले खरे. पण कळफलकावर हाताशी असलेली कळ तीच राहिली.

डोळसांचे यात काही अडले नाही. ‘१९१४-१९१८’ दिसले की आपण मनात ‘ते’ म्हणतो. ‘७-३’ दिसले की वजाबाकी करतो. पण ज्याला कानांनीच वाचावयाचे, त्याने काय करावे?

१९७६ साली रे कुर्झवाइल यांनी छापील पान मोठ्याने वाचणारे यंत्र लोकांपुढे आणले. १९८६ साली आयबीएममधील जिम थॅचर यांनी संगणकाचा पडदा बोलता करणारा स्क्रीन रीडर केला. २००६ साली मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लिहावयास घेतला आणि तो सर्वांना विनामूल्य दिला. तो मराठीही वाचतो.

अशा रीतीने आपली रेघ पुन्हा कानाच्या दारी आली, पण आता तिची ओळख पटेना. विरामचिन्हे किती उच्चारावीत, हे या वाचकाला सांगून ठेवता येते: मुळीच नको, थोडी, बहुतेक, की सगळी. थोडी म्हटले, की बहुधा रेघ गिळली जाते आणि ‘१९१४-१९१८’ चे नुसते दोन आकडे उरतात. सगळी म्हटले, की ‘आई डॅश वडील’ असले काही पानभर ऐकून कान किटतात. शब्द कुठे तोडावा हे दाखवणारे एक छुपे संयोगचिन्हही असते. ते एरवी डोळ्याला दिसत नाही. पण काही वेळा यंत्र नेमके तेथे अडखळते आणि धडधाकट शब्दाचे दोन तुकडे करते.

ही नुसती गंमत नव्हे. गणिताच्या पानावरील ‘उणे पाच’ कानी ‘पाच’ म्हणून पडले, तर अंध विद्यार्थ्याचे उत्तर चुकते. रेघ गाळली यंत्राने, आणि लाल शाई मात्र त्या पोराच्या वहीवर!

दोष एकट्या यंत्राचा नाही. एका रेघेच्या डोक्यावर तीन कामांचा बोजा ठेवला तो आपण डोळसांनी, आपल्या सोयीसाठी. तो थोडा उतरवणे आपल्याच हाती आहे. वजाबाकीला तिचे स्वतःचे चिन्ह द्यावे, आणि ‘१९१४ ते १९१८’ असे सरळ लिहावे. एका ‘ते’ने आपली कितीशी शाई खर्च होणार? ऐकणाऱ्याला मात्र अख्खे वाक्य मिळते.