मराठा डिच लेन



बावीस वर्षांच्या नोकरीत ईशान्येला जाता-येता कोलकात्याचा विमानतळ आणि हावडा स्टेशन किती वेळा पाहिलं याची गणती नाही. शहर मात्र कधीच पाहिलं नव्हतं. यंदा नव्या पोस्टिंगवर जाताना मध्ये दोन दिवस मोकळे मिळाले. सौ. बरोबर होती. तिचंही कोलकाता पहिलंच. ट्राममध्ये बसायचं, व्हिक्टोरिया मेमोरियल बघायचं आणि उत्तर कोलकात्यात माझ्या एनडीएतल्या कोर्समेटच्या आईला भेटायचं, एवढाच बेत होता.

मुक्काम किल्ल्यातल्या मेसमध्ये. आपल्याला किल्ला म्हटलं की डोंगर आठवतो. हा हुगळीकाठी सपाटीवर पसरलेला, बुटक्या तटबंदीचा. प्लासीच्या लढाईनंतर, 1758 साली इंग्रजांनी बांधायला घेतलेला फोर्ट विल्यम. आज इथे पूर्व कमांडचं मुख्यालय आहे. 2025 च्या सुरुवातीला त्याचं नाव 'विजय दुर्ग' झाल्याची बातमी आली. आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून! एका दरवाज्याला शिवाजी महाराजांचं नावही दिलं आहे. मी साहजिकच सुखावलो होतो.

संध्याकाळी बागबाजारला गेलो. दार उघडताच माशीमा हसून म्हणाल्या, "शेवटी बर्गी आलेच म्हणायचे कोलकात्यात!"

सगळे हसले. लुची आणि आलूर दम पुढे आलं. सौ.ने हळूच विचारलं, "बर्गी म्हणजे?" मला कसंनुसं झालं, कारण तिचं माहेर नागपूरचं, भोसल्यांच्या वाड्याजवळच्या महालातलं.

बर्गी म्हणजे आपला बारगीर. स्वतःचा घोडा आणि हत्यारं आणणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. पण बंगालीत हा शब्द लुटारू या अर्थानं रुजला. मुलांना झोपवण्याच्या एका अंगाईतसुद्धा बर्गी येतात, आणि आता कर कुठून भरायचा ही चिंता येते. माशीमांनी तीच अंगाई म्हणून मुलं आणि नातवंडं झोपवली होती. माझा कोर्समेटही ती ऐकतच मोठा झाला. खडकवासल्यात तीन वर्षं एकत्र काढली, पण पठ्ठ्यानं कधी बोलून दाखवलं नाही.

घडलं ते असं. 1740 मध्ये अलीवर्दी खानानं आधीच्या नवाबाला लढाईत मारून बंगालची गादी घेतली. नागपूरकर रघूजी भोसल्यांनी चौथाईचा हक्क सांगत 1742 मध्ये भास्करराम कोल्हटकरांना फौज देऊन पाठवलं. त्याच वर्षी मुर्शिदाबादेत जगतशेठची पेढी लुटली गेली. काटव्याला छावणी पडली, तिथे भास्करपंतांनी दुर्गापूजा मांडली, आणि ऐन पूजेच्या दिवसांत अलीवर्दीनं रातोरात नदी ओलांडून हल्ला केला. 1744 मध्ये वाटाघाटीला बोलावून मानकऱ्याच्या तंबूत भास्करपंत आणि त्यांच्या वीसेक सरदारांची कत्तल झाली. स्वाऱ्या तरीही थांबल्या नाहीत. 1751 च्या तहात ओरिसा आणि दरसाल 12 लाख चौथाई पदरात पडली, तेव्हा कुठे शांतता आली.

दगा त्यांनी केला हे खरं. पण मधल्या नऊ वर्षांत जळाली ती गावं नवाबाची नव्हती, शेतकऱ्यांची होती. गंगाराम नावाच्या बंगाली कवीनं त्याच काळात 'महाराष्ट्र पुराण' लिहिलं. त्यात गावोगावची जाळपोळ, डोक्यावर बोचकी घेऊन पळणारी माणसं आणि बायकांवरचे अत्याचार आहेत. ते सगळं खोटं म्हणून झटकता येत नाही.

कोलकाताही धास्तावलं होतं. शहराभोवती सुमारे 7 मैलांचा खंदक खणायचं ठरलं. सहा महिन्यांत 3 मैल झाला. मराठे काही आले नाहीत, काम थांबलं. 1756 मध्ये आला तो सिराजउद्दौला, आणि त्याला हा अर्धवट खंदक अडवू शकला नाही. पुढे खंदक बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढला. माशीमांच्या घरापासून जवळच 'मराठा डिच लेन' आहे. जेवणानंतर तिथे चक्कर मारली. खंदकाचा मागमूस नाही, साधी गल्ली. आपलं नाव एका गल्लीला आहे, तेही भीतीपोटी दिलेलं, हे पहिल्यांदाच पाहत होतो.

सौ. म्हणाली, "अटकेपार झेंडे शाळेत घोकून घेतले, हे कुणीच कसं नाही सांगितलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सैनिक म्हणून एवढं मात्र कळतं, की ज्या फौजेचा पगार आणि दाणावैरण मुलखातून वसूल व्हायची असते, तिचा सेनापती कितीही शूर असो, शिस्त हळूहळू सुटतेच. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये, ही शिवछत्रपतींची ताकीद होती. जेमतेम सत्तर वर्षांत आपण ती विसरलो.

तरी याच बंगालनं पुढे मोठं मन दाखवलं. मराठी घराण्यातले पण बंगालीत लिहिणारे सखाराम गणेश देऊस्कर यांनी इथे शिवाजी उत्सव रुजवला. 1904 मध्ये रवींद्रनाथांनी 'शिवाजी उत्सव' ही कविता लिहिली. 1906 च्या उत्सवाला लोकमान्य टिळक कोलकात्यात आले. बर्गी आणि शिवाजी यांतला फरक बंगाली माणसानं ओळखला होता. तो आपणही ओळखायला हवा. किल्ल्याला नाव मिळालं याचा आनंद आहेच, पण ते नाव जपायचं म्हणजे काय, हे मला त्या गल्लीत जास्त कळलं.

निघताना माशीमांनी सौ.च्या हातात संदेशचा डबा ठेवला. "घ्या, तुमची चौथाई."

सौ.ने वाकून नमस्कार केला. म्हणाली, "माशीमा, आमच्याकडून परतफेड राहिली आहे." गेल्या आठवड्यात नागपूरहून बागबाजारला संत्रा बर्फीचं पार्सल रवाना झालं.

जय हिंद.