कॅल्प्रोटेक्टिन

कॅल्प्रोटेक्टिन : न्यूट्रोफिल या श्वेतपेशींमध्ये विपुल आढळणारे, कॅल्शियम, जस्त, मँगॅनीज यांसारख्या धातूंना घट्ट धरून ठेवणारे प्रथिन. शरीरात शिरलेल्या जंतूंना लागणारे धातू त्यांच्या हाती लागू न देता त्यांची वाढ रोखणे, हे त्याचे मुख्य काम. आतड्याला दाह झाला की न्यूट्रोफिल आतड्याच्या भिंतीतून पोकळीत उतरतात. त्यांच्याबरोबर हे प्रथिनही येते आणि शौचावाटे बाहेर पडते. म्हणून शौचातील कॅल्प्रोटेक्टिन मोजून आतड्याच्या दाहाचा अंदाज घेतात. पुण्याजवळच्या पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या उद्योगपट्ट्यात या तपासणीचे मोल मोठे आहे आणि ती चुकीची वाचली जाण्याचा धोकाही तेवढाच आहे. अहवालातला आकडा ‘दाह आहे’ एवढेच सांगतो. तो कशाने झाला, हे सांगत नाही. दूषित पाण्याचे जुलाब, आतड्याचा क्षय आणि अंगदुखीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या गोळ्या हे तिन्ही जिथे शेजारी शेजारी नांदतात, तिथे हा फरक रुग्णाच्या उपचाराची दिशा ठरवतो.

शोध. नॉर्वेत ओस्लो येथे मॅग्ने फागरहोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये श्वेतपेशींतून मिळालेल्या या प्रथिनाचे वर्णन केले. त्यांनी त्याला ‘एल१’ म्हटले. पुढच्या दशकात निरनिराळ्या प्रयोगशाळांना तेच प्रथिन किंवा त्याचे घटक वेगवेगळ्या वाटांनी सापडत गेले. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगाच्या रुग्णांच्या रक्तात जास्त दिसणारा एक घटक म्हणूनही त्याची नोंद झाली होती. १९९० मध्ये नॉर्वेतील संशोधकांनी ते जिवाणू व बुरशी यांची वाढ थांबवते असे दाखवले आणि आजचे नाव रूढ झाले. शौचात ते मोजण्याची पद्धत १९९२ मध्ये त्याच देशातून आली.

रचना. दोन लहान प्रथिनांच्या जोडीने कॅल्प्रोटेक्टिन बनते. एस१००ए८ मध्ये ९३ आणि एस१००ए९ मध्ये ११४ ॲमिनो आम्ले असतात. दोघांची जनुके पहिल्या गुणसूत्रावर आहेत. न्यूट्रोफिलच्या पेशीद्रवातील विरघळलेल्या प्रथिनांपैकी जवळजवळ निम्मा वाटा या जोडीचा असतो. एखाद्या पेशीने आपली एवढी पुंजी एकाच प्रथिनावर खर्च करावी, यावरूनच त्याचे महत्त्व कळते. मोनोसाइट पेशींतही ते असते आणि तोंडाच्या अस्तरासारख्या काही आवरणपेशीही ते तयार करतात.

त्याच्या कामाची कळ कॅल्शियमच्या हाती आहे. पेशीच्या आत मोकळे कॅल्शियम अत्यल्प असते, बाहेर त्याच्या हजारो पट. न्यूट्रोफिल फुटली किंवा तिने प्रथिन बाहेर सोडले की त्याला एकदम भरपूर कॅल्शियम मिळते. मग दोन जोड्या एकत्र येऊन चौकडी बनते, धातूंवरची पकड कितीतरी घट्ट होते आणि प्रथिने तोडणाऱ्या पाचक रसांना ती चौकडी दाद देत नाही. पेशीच्या आत मात्र ही पकड सैल असल्याने शरीराच्या स्वतःच्या धातूंना धक्का लागत नाही. धातू धरण्याच्या जागा दोन प्रथिनांच्या सांध्यावर आहेत. त्यांपैकी एका जागी हिस्टिडीन या ॲमिनो आम्लाचे सहा घटक मिळून मँगॅनीजचा अणू सर्व बाजूंनी वेढतात. ही मांडणी प्रथिनांच्या दुनियेत विरळ आहे. जस्त दोन्ही जागी बसते. लोहसुद्धा या सहा हिस्टिडीनच्या जागी बांधले जाते, हे गेल्या दशकात स्पष्ट झाले.

जंतूंची उपासमार. चाकणच्या वाहन कारखान्यात एक सुटा भाग वेळेवर पोचला नाही की लाइन थांबते. यंत्रे शाबूत, माणसे हजर, तरी गाडी बाहेर पडत नाही. कॅल्प्रोटेक्टिन जंतूंची गत अशीच करते. ते जंतूच्या अंगाला भोक पाडत नाही की त्याला विष घालत नाही. जस्ताशिवाय जंतूची अनेक विकरे चालत नाहीत आणि मँगॅनीजशिवाय ऑक्सिजनच्या घातक रूपांपासून वाचवणारे त्याचे विकर निकामी होते. न्यूट्रोफिल त्याच वेळी जंतूवर ऑक्सिजनच्या या घातक रूपांचाच मारा करत असतात. एकीकडे ढाल काढून घ्यायची आणि दुसरीकडून वार करायचा, अशी ही जोडचाल आहे. अमेरिकेतील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले, की स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूने उंदरांत झालेल्या गळवांत मँगॅनीज व जस्त जवळपास नसतेच. कॅल्प्रोटेक्टिन नसलेल्या उंदरांच्या गळवांत मात्र धातू तसेच राहतात आणि जंतूही माजतात. धातू रोखून धरण्याच्या या संरक्षणाला पोषणरोधी प्रतिकार म्हणता येईल. दूध, अश्रू व न्यूट्रोफिलमधील लॅक्टोफेरिन लोहाच्या बाबतीत हेच करते.

काही जंतूंनी यावर तोडही काढली आहे. साल्मोनेला जिवाणूकडे जस्त खेचून घेणारी एक अतिशय प्रभावी वाहक यंत्रणा असते. कॅल्प्रोटेक्टिनने भरलेल्या सुजलेल्या आतड्यातही तिच्या बळावर तो तग धरतो, हे कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०१२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दाखवले. आतड्यात नेहमी राहणारे निरुपद्रवी जिवाणू मात्र त्याच उपासमारीत मागे पडतात. म्हणजे जो दाह साल्मोनेलाला हटवण्यासाठी उठला, तोच त्याला रान मोकळे करून देतो. जुलाब एखाद्याला दोन दिवसांत सोडतात आणि एखाद्याला आठवडाभर पिडतात, यामागच्या अनेक कारणांत अशा झटापटीही असू शकतात.

बुरशी आणि पिंपरी. कँडिडा अल्बिकन्स या बुरशीविरुद्ध कॅल्प्रोटेक्टिनचे काम विशेष ठळक आहे. मरताना न्यूट्रोफिल आपल्या गुणसूत्रांच्या धाग्यांचे जाळे बाहेर फेकतात. बर्लिनच्या संशोधकांनी २००९ मध्ये या जाळ्यातील प्रथिने एकेक करून तपासली, तेव्हा कँडिडाला आवर घालणारा प्रमुख घटक कॅल्प्रोटेक्टिन ठरला. ते काढून टाकल्यावर जाळ्याची बुरशीविरोधी शक्ती बहुतांशी गेली.

याच बुरशीवर पिंपरीने वेगळ्या वाटेने काम केले आहे आणि त्याची आठवण या नोंदीत हवीच. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषध कारखाना १९५४ मध्ये पिंपरीत स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. त्याच्या संशोधन विभागाचे प्रमुख एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील सूक्ष्मजीवांचा शोध घेताना स्ट्रेप्टोमायसीस पिम्प्रिना ही जात वेगळी केली. तिच्या नावात गावाचे नाव कायमचे कोरले गेले. तिच्यापासून १९६० च्या सुमारास हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध मिळाले. हॅमायसिन बुरशीच्या पेशीपटलातील एर्गोस्टेरॉलला चिकटते आणि पटल गळके करते. कॅल्प्रोटेक्टिनचा मार्ग याच्या उलट आहे, ते बुरशीला हात न लावता तिचा पुरवठा तोडते. मातीतल्या जीवाने घडवलेला आणि माणसाच्या रक्तातला, असे एकाच शत्रूविरुद्धचे हे दोन उपाय आहेत. त्यांपैकी एक पिंपरीच्या प्रयोगशाळेतून जगापुढे आला.

दाहाची हाक. पेशीबाहेर आलेले कॅल्प्रोटेक्टिन शेजारच्या पेशींना इशाराही देते. एस१००ए८ व एस१००ए९ यांची जोडी टीएलआर४ या ग्राहीला चिकटून आणखी दाहकारक द्रव्ये सोडायला लावते, हे जर्मनीतील म्युन्स्टरच्या संशोधकांनी २००७ मध्ये सिद्ध केले. संसर्ग असताना ही हाक उपयोगी पडते. संसर्ग नसताना ती चालू राहिली तर दाहातून नवा दाह पेटत जातो, आणि सांधेदुखीपासून आतड्याच्या दीर्घ विकारांपर्यंत अनेक रोगांत हे घडते. कॅल्शियममुळे चौकडी बनली की ग्राहीला चिकटण्याची जागा झाकली जाते आणि इशारा आपोआप थंडावतो. त्यामुळे हाक जखमेच्या आसपासच राहते, साऱ्या अंगभर पसरत नाही.

शौचाची तपासणी. चौकडी पाचक रसांना पुरून उरते, म्हणून शौचात ती टिकते. निरोगी माणसाच्या शौचातही तिचे प्रमाण रक्तरसाच्या सुमारे सहापट असते. नमुना साध्या तापमानाला काही दिवस ठेवता येतो, पण तीन दिवसांच्या आत तपासणे चांगले. उन्हाळ्यात तर लवकरच पोचवावा. प्रयोगशाळेत शौचाचा अगदी थोडा भाग द्रावणात घुसळून प्रतिपिंडांच्या साहाय्याने प्रथिन मोजतात आणि उत्तर दर ग्रॅम शौचामागे मायक्रोग्रॅममध्ये देतात. प्रौढांत ५० च्या खाली आकडा आला तर आतड्याला उल्लेखनीय दाह असण्याची शक्यता फार कमी. २५० च्या वर गेला तर सक्रिय दाह जवळपास धरूनच चालतात. मधल्या आकड्यांना घाईने नाव देऊ नये. चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा तपासावे. तान्ह्या मुलांत आकडा मुळातच जास्त असतो, म्हणून प्रौढांचे माप त्यांना लावू नये.

या तपासणीचा सर्वांत मोठा उपयोग पोटाच्या कुरकुरीत होतो. महिनोन्महिने पोट दुखते, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ. अशा रुग्णाला आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) आहे की अल्सरेटिव्ह कोलायटिस वा क्रोन्स डिसीज हे आतड्याच्या दीर्घ दाहाचे विकार, हे नुसत्या लक्षणांवरून सांगणे अवघड असते. आयबीएसमध्ये आतड्याला सूज नसते, त्यामुळे आकडा कमी येतो आणि दुर्बिणीची तपासणी बऱ्याचदा टळते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ मध्ये याच कामासाठी तिची शिफारस केली. मात्र शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, ताप, पंडुरोग किंवा घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास असेल, तर आकडा कमी आला तरी दुर्बीण टाळू नये.

पिंपरी-चिंचवड व चाकण पट्टा. युरोपात ठरलेली मापे इथे जशीच्या तशी लावताना सावध राहावे लागते. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवड शहराची लोकसंख्या १७ लाखांहून अधिक होती. उत्तरेला खेड तालुक्यात चाकण औद्योगिक वसाहत आहे आणि तिच्या भोवती महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी या गावांत कामगारांच्या खोल्या दाटल्या आहेत. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार इथून आलेला कंत्राटी कामगार मेसचे जेवतो आणि टँकर, बोअर किंवा कॅनचे पाणी पितो. अशा ठिकाणी पोट बिघडणे ही नित्याची बाब आहे. कँपिलोबॅक्टर, साल्मोनेला, शिगेला या जिवाणूंच्या जुलाबांत कॅल्प्रोटेक्टिन शेकड्यांनी चढते आणि संसर्ग ओसरल्यावर उतरते. विषाणूंच्या जुलाबांत ते सहसा एवढे वाढत नाही. जुलाब चालू असताना घेतलेल्या एका नमुन्यावरून कोणाला कोलायटिसचा रुग्ण ठरवणे म्हणूनच चुकीचे आहे. आधी शौचाची साधी तपासणी करावी, आव व जंत पाहावेत आणि जुलाब थांबल्यावर पुन्हा नमुना घ्यावा.

जानेवारी २०२५ मध्ये पुणे परिसरात गिलेन-बारे सिंड्रोमचा उद्रेक झाला. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि ग्रामीण भाग मिळून संशयित रुग्णांची संख्या दोनशेवर गेली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला काही रुग्णांच्या शौचात कँपिलोबॅक्टर जेजुनी आढळला. आतड्यातल्या या जिवाणूविरुद्ध बनलेली प्रतिपिंडे चुकून मज्जातंतूंवर उलटतात आणि हातापायांतले बळ जाते. हा हल्ला प्रतिपिंडांचा असतो, कॅल्प्रोटेक्टिनचा त्यात हात नाही. पण जुलाबाकडे दुर्लक्ष करणे किती महाग पडू शकते आणि आतड्यातील संसर्ग व शरीराची प्रतिकारव्यवस्था किती जवळून गुंतलेली आहेत, हे त्या आठवड्यांत सगळ्या शहराला कळले.

दुसरी अडचण क्षयाची. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स डिसीज हे दोन्ही लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्याजवळ घर करतात. दोन्हींत पोटदुखी, ताप, वजन घटणे दिसते, दोन्हींत व्रण होतात आणि दोन्हींत कॅल्प्रोटेक्टिन वाढते. आकड्यावरून त्यांतला फरक कळत नाही. चूक घातक ठरू शकते, कारण क्रोन्ससाठी दिलेली प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे क्षयाला मोकाट सोडतात. म्हणून दुर्बिणीतून घेतलेले तुकडे, क्षयजंतू शोधणारी सीबीनॅट चाचणी, छातीचा एक्स-रे व स्कॅन पाहूनच निर्णय होतो, आणि तरीही संशय राहिला तर भारतात बहुधा आधी क्षयाची औषधे सुरू करतात. औषधांवर आकडा उतरू लागला तर तो चांगला संकेत असतो, पण खरा पुरावा व्रण भरून आल्याचा. तो दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालूनच मिळतो.

तिसरी बाब गोळ्यांची. लाइनवर दिवसभर उभे राहून पाठ धरली की डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतले जाते, आणि बऱ्याचदा डॉक्टरांना ते सांगितलेही जात नाही. या गोळ्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा करतात व कॅल्प्रोटेक्टिन वाढवतात. नमुना देण्यापूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने दोनेक आठवडे त्या बंद ठेवाव्यात. आम्लपित्तावरच्या काही गोळ्यांनीही आकडा वर जाऊ शकतो. पिंपरीच्या संत तुकारामनगरातील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात किंवा चिंचवडच्या मोहननगरातील कामगार विमा रुग्णालयात येणाऱ्या कामगाराला ‘कोणती गोळी घेता?’ हा प्रश्न विचारणे, तपासणीच्या आकड्याइतकेच मोलाचे आहे.

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्सचे निदान पक्के झाल्यावर कॅल्प्रोटेक्टिनचा उपयोग वाढतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंजाबमधील पाहणीत दर लाख लोकांत अल्सरेटिव्ह कोलायटिसचे ४४.३ रुग्ण आढळले होते. हा विकार भारतात दुर्मीळ असल्याचा समज त्यानंतर टिकला नाही. अशा रुग्णाला आयुष्यभर देखरेख लागते. उपचार लागू पडत असतील तर आकडा १०० ते २५० च्या मर्यादेखाली यावा, असे २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात म्हटले आहे. रोग पुन्हा उसळायच्या आधी, रुग्णाला काही जाणवत नसतानाही तो चढू लागतो आणि औषध वेळीच वाढवता येते. दुर्बिणीसाठी पोट रिकामे करायचे म्हणजे निदान एका दिवसाची रजा व एका हजेरीचे पैसे जातात. नमुन्याची डबी मात्र शिफ्टला जाता जाता देता येते.