टवक्यामागचा इतिहास : विंडसर्फिंगची फळी आणि तिची डागडुजी

१/ शिडाच्या फळीवर पडलेला नखाएवढा टवका वरवर क्षुल्लक वाटतो. मात्र तो कशाने बुजवावा, हे त्या फळीच्या जन्मकाळावर अवलंबून असते. निवड चुकली, तर टवका बुजण्याऐवजी फळीचा गाभाच विरघळतो. या रसायनामागे सुमारे सहा दशकांचा इतिहास आहे.

२/ हवाई बेटांवरील लाटांवर स्वार होण्याच्या फळ्या मूळच्या लाकडी. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूंचे कापड आणि पॉलिएस्टर रेझिन कारागिरांच्या हाती आले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात लाकडाची जागा पॉलियुरेथेन फोमने घेतली. फळी हलकी झाली. पण तिचे कवच पातळ झाले.

३/ फळीवर शीड चढवण्याचा प्रयोग अमेरिकेतील न्यूमन डार्बी यांनी १९६४ मध्ये केला. पुढे कॅलिफोर्नियातील विमान-अभियंता जिम ड्रेक आणि उद्योजक हॉइल श्वाइत्झर यांनी डोलकाठी सर्व दिशांना झुकवणारा सांधा वापरला. त्यांना १९७० मध्ये पेटंट मिळाले.

४/ व्यापारी उत्पादन वाढले, तसे पॉलिथिलीनचे कवच आले. आत फोम, बाहेर चिवट प्लास्टिक. खडकावर आपटले तरी ते सहसा तडकत नसे. पण पॉलिथिलीनला रेझिन नीट चिकटतच नाही. खोल भेग पडल्यास त्याच जातीचे प्लास्टिक वितळवून जोड द्यावा लागे. जी फळी सहज मोडत नव्हती, ती सहज सांधताही येत नव्हती.

५/ १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रवेश झाला. त्याच दशकात वेगाची ओढ वाढली आणि फळ्या आखूड व हलक्या होत गेल्या. गाभ्यात पॉलिस्टायरिनचा पांढरा फोम आणि त्यावर काचतंतू व इपॉक्सी रेझिनचे कवच, अशी रचना रुळली.

६/ संकट इथेच आहे. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरिन हे द्रावक असते आणि ते पॉलिस्टायरिनला विरघळवते. म्हणून जुन्या फळीवर चालणारे पॉलिएस्टर नव्या फळीच्या उघड्या गाभ्यावर घातले, तर तिथे खड्डा पडतो. अशा फळीला इपॉक्सीच हवे.

७/ टवका बुजवण्यापूर्वी फळी कोरडी होणे अत्यावश्यक. टवका दिसताच पाण्याबाहेर यावे, जागा गोड्या पाण्याने धुऊन अनेक दिवस सावलीत वाळू द्यावी. दमट गाभ्यावर ठिगळ लावल्यास पाणी आतच कोंडते. फळी जड होते आणि कवच गाभ्यापासून सुटू लागते.

८/ नंतर सैल झालेला भाग कापून कडा पॉलिश पेपरने उतरत्या कराव्यात. इपॉक्सीत पोकळ काचमण्यांची पूड मिसळून खड्डा भरावा, वर काचतंतूंच्या कापडाचे ठिगळ लावावे आणि घट्ट झाल्यावर घासून सपाट करावे. हातमोजे आणि मास्क विसरू नयेत.

९/ मोजमापातही जुनी सवय घात करते. पॉलिएस्टरमध्ये उत्प्रेरकाचे थेंब कमी-जास्त करून घट्ट होण्याचा वेग काही मर्यादेत बदलता येतो. इपॉक्सीत मात्र हार्डनर हा रासायनिक बांधणीचाच घटक असतो. ठरलेले प्रमाण चुकले की ठिगळ चिकट आणि कमकुवत राहते.

१०/ लाकूड, पॉलिएस्टर, पॉलिथिलीन, इपॉक्सी : प्रत्येक टप्प्यावर हलकेपणा, चिवटपणा आणि दुरुस्तीची सोय यांचे गणित नव्याने मांडले गेले. म्हणून घराच्या अंगणात टवका बुजवणाऱ्याने प्रथम आपली फळी कोणत्या पिढीतली, हे ओळखावे. इतिहासाचे एवढे ज्ञान फळी वाचवते.

(समाप्त)