व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकाचे रोहित्र : एक दुर्लक्षित ऐतिहासिक साधन

बीडसह मराठवाडा १९४८ मध्ये निजामी राजवटीतून मुक्त झाला. त्या काळातील सभा-उत्सवांचा इतिहास लिहिताना आपण भाषणे अभ्यासतो. आवाज समुदायापर्यंत पोहोचविणाऱ्या यंत्राचा विचार क्वचितच होतो. मुंबईच्या 'शिकागो रेडिओ'ने काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपण यंत्रणा पुरविली. १९४२ च्या गुप्त काँग्रेस रेडिओ प्रकरणात तिचे नानिक मोटवाने यांना अटकही झाली.

अशा व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकाचे रोहित्र जळाले की तो भंगारात जातो. वस्तुतः रोहित्र बदलता येते. मात्र केवळ उच्च दाब जुळून भागत नाही. व्हॉल्व्हच्या फिलॅमेंटचा ६.३ व्होल्ट दाब, रेक्टिफायर व्हॉल्व्हला लागत असल्यास ५ व्होल्ट आणि प्रत्येकाची विद्युतधाराही जुळावी लागते. २०० व्होल्टसाठीचे रोहित्र आजच्या २३० व्होल्टवर जोडल्यास ६.३ चे सुमारे ७.२ व्होल्ट होतात व व्हॉल्व्हचे आयुष्य घटते.

जुन्या रोहित्रांवरील २००, २२०, २५० व्होल्ट अशी निरनिराळी जोडणीस्थाने, वीजदाब गावोगावी भिन्न असल्याच्या काळाची साक्ष देतात. म्हणून यंत्र पुन्हा बोलते करावे. पण काढलेले रोहित्र फेकू नये. बदलाची नोंद करून ते यंत्रासोबतच जपावे. महाविद्यालयीन संग्रहांनी हे दायित्व स्वीकारणे अगत्याचे आहे.